"अल्लाहला कोणी बनवलं?" असं पोरांनी विचारलं तर या चुका टाळा

मागच्या रमजानमधली गोष्ट. माझी भाची नववीत आहे, दोन दिवस घरात गप्प गप्प होती, इफ्तारला बसली तरी खजूर नुसता हातात धरून बसायची. तिसऱ्या दिवशी मी तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) पढून घरी आलो तर गच्चीवर एकटीच बसलेली. जवळ गेलो तर हळूच म्हणाली, "मामू, सबकू अल्लाह बनाया, तो अल्लाहकू कौन बनाया?" आणि एवढं बोलून रडायलाच लागली. तिला वाटत होतं की हा विचार मनात आला म्हणजे रोजा तुटला, ईमान (श्रद्धा) गेलं.

मी सोलापुरात आठवी ते दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण याच प्रश्नावर मी स्वतः आधी चुकीची उत्तरं दिलेली आहेत, आणि आजूबाजूचे आई-बाप पण तेच करताना बघतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दटावणं. "तौबा कर, असं बोलायचं नाही." बरेच जण यासाठी हदीसचाच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचाच, आधार घेतात. हदीस खरी आहे, बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे: शैतान येऊन विचारत जातो हे कोणी बनवलं, ते कोणी बनवलं, आणि शेवटी विचारतो तुझ्या रबला कोणी बनवलं, तिथं पोचलात की अल्लाहची पनाह (आसरा) मागा आणि थांबा. पण लोक हीच एक सांगतात. दुसरी सांगतच नाहीत, ती मुस्लिममध्ये आहे. सहाबा, म्हणजे पैगंबरांचे साथीदार, पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि म्हणाले की आमच्या मनात असं काही येतं जे तोंडाने बोलायची पण भीती वाटते. त्यावर पैगंबरांनी विचारलं, खरंच असं वाटतं तुम्हाला? हो म्हटल्यावर म्हणाले, हेच तर स्पष्ट ईमान आहे. म्हणजे ज्याला त्या विचाराची भीती वाटते, त्याच्या मनात ईमान आहे म्हणूनच ती वाटते ना? मी भाचीला सगळ्यात आधी हे सांगितलं आणि तिचा चेहरा लगेच मोकळा झाला. आधी भीती काढा, लॉजिक नंतर.

आता लॉजिक. इथं आपण सगळे एक ढिसाळ वाक्य बोलतो: "प्रत्येक गोष्टीला बनवणारा असतो, खुर्चीला सुतार, चादरीला विणकर, तसा जगाला अल्लाह." हे बोललात की फसलात, कारण 'प्रत्येक' म्हटलं की पोरगं लगेच विचारणार मग अल्लाहला कोण, आणि त्याचं अजिबात चुकत नाही, चूक आपल्या वाक्याची आहे. इमाम गझाली (1058 ते 1111) आणि इल्म-ए-कलामवाले (तर्काने धर्म मांडणारे आलिम, म्हणजे विद्वान) जे म्हणायचे ते वेगळं आहे: ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं. त्या 'सुरुवात आहे' वरच सगळा खेळ आहे. खुर्ची आधी नव्हती, मग झाली. चादर आधी नव्हती. ज्याला सुरुवातच नाही त्याला "कोणी सुरू केलं" हा प्रश्न लागूच होत नाही.

पण नववीच्या पोरीला एवढ्याने पटत नाही, तिने बरोबर विचारलं की मग साखळी मागे मागे जातच राहिली तर काय बिघडलं, ह्याला त्याने बनवलं, त्याला अजून कोणीतरी, संपलंच नाही तर? तेव्हा मी तिला तिच्या नानांची गोष्ट सांगितली. आमचे अब्बा चादरीच्या कारखान्यात मागावर होते. एकदा आठवड्याचा पगार अडकला. मालक म्हणाला व्यापाऱ्याकडून आले की देतो, व्यापारी म्हणाला मुंबईच्या पार्टीकडून येणं आहे, पार्टीवाला म्हणाला माझंच कोणाकडे तरी अडकलंय. आता समज ही रांग कधी संपतच नाही, प्रत्येक जण पुढच्याच्याच भरवशावर, स्वतःचा एक रुपया कोणाकडेच नाही, तर अब्बांच्या हातात पगार कधी पडला असता? ती म्हणाली कधीच नाही. बरोबर. पण पगार तर पडला, मला आठवतंय, अब्बांनी घरी येऊन नोटा अम्मीच्या हातात दिल्या आणि अम्मीने त्या दोनदा मोजल्या. नोटा हातात आल्या म्हणजे त्या रांगेत कुठेतरी असा एक होता ज्याचे पैसे स्वतःचे होते, उसने नव्हते. आपलं असणं हे उसनं आहे, माझं, तुझं, या चिंचेच्या झाडाचं, सूर्याचं. आणि ज्याचं असणं कोणाकडून उसनं घेतलेलं नाही त्यालाच तत्त्वज्ञ इब्न सीना (980 ते 1037) यांनी 'वाजिब-उल-वुजूद' म्हटलं, म्हणजे ज्याचं असणं अटळ आहे तो. कुरआनातल्या सूरह (अध्याय) इखलासमधला 'समद' शब्द पण तोच अर्थ घेऊन येतो, सगळे ज्याच्यावर अवलंबून आणि तो कोणावरच नाही, आणि पुढे 'लम यलिद व लम यूलद', ना त्याने कोणाला जन्म दिला ना त्याला कोणी. ही सूरह आपल्या पोरांना चार वर्षांची असताना पाठ असते, पण अर्थ कोणी बसून सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यातच एक छोटी चूक, काही जण घाईत म्हणतात "अल्लाहने स्वतःलाच बनवलं." नाही. स्वतःला बनवायला आधी स्वतः असावं लागेल, हे वाक्यच उभं राहत नाही. कुरआनात सूरह तूरच्या 35व्या आयतमध्ये (ओळीत) हेच विचारलंय की हे लोक कशाशिवायच पैदा झाले, की स्वतःच स्वतःचे बनवणारे आहेत? जुबैर बिन मुतइम तेव्हा मुसलमान पण नव्हते, त्यांनी मगरिबच्या नमाजमध्ये पैगंबरांच्या तोंडून ह्या आयती ऐकल्या आणि पुढे सांगायचे की माझं काळीज उडून जाईल असं वाटलं.

आता विज्ञानाकडे येतो, कारण इथं चुका जास्त आणि व्हॉट्सॲपमुळे रोज वाढतायत. सूरह अंबियाची 30वी आयत, आकाश आणि पृथ्वी जोडलेले होते मग आम्ही वेगळे केले, ही दाखवून "बिग बँग (विश्वाच्या सुरुवातीचा सिद्धांत) कुरआनात आहे, झालं सिद्ध" असं पोरांना सांगू नका. माझा त्या आयतवर पूर्ण विश्वास आहे, पण विज्ञानाची थिअरी पुराव्याप्रमाणे बदलत जाते, 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलनी दाखवलं की लांबच्या आकाशगंगा आपल्यापासून दूर जातायत, 1965 मध्ये त्या सुरुवातीच्या उष्णतेचे उरलेले किरण सापडल्याचं जाहीर झालं, विश्वाचं वय साधारण 1380 कोटी वर्षं निघालं, आणि अगदी पहिल्या क्षणाबद्दल शास्त्रज्ञ अजून भांडतायत. उद्या मॉडेल बदललं तर पोरगं म्हणणार आयत पण बदलली का? बिग बँगची कल्पना पहिल्यांदा मांडणारे शास्त्रज्ञ लमेत्र हे स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते, आणि 1951 मध्ये पोपनी त्या सिद्धांताला धर्माच्या बाजूने उभं केलं तर खुद्द लमेत्रनाच ते रुचलं नाही. ईमानवाल्या माणसाने केलेला हा संयम मला फार मोठा वाटतो. आणि नील आर्मस्ट्राँगनी चंद्रावर अजान ऐकली हा फॉरवर्ड तर कृपा करून बंद करा, ही गोष्ट खरी नाही, खोट्याने दीन मजबूत होत नाही.

याच्या उलटी चूक पण आहे: जे विज्ञानाला कळत नाही तिथं अल्लाह बसवायचा. मग कळत गेलं की अल्लाहची जागा कमी कमी होणार का? पैगंबरांचा छोटा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणायला लागले की त्याच्या मृत्यूमुळे लागलं. बापाचं काळीज किती दुखलं असेल त्या वेळी, तरी त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितलं की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. आणि गझाली तर लिहून गेलेत की ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने जो नाकारतो तो धर्माचंच नुकसान करतो. मी ग्रहणाचा धडा शिकवतो तेव्हा फळ्यावर आधी सूर्य, चंद्र, पृथ्वी काढतो आणि मग ही हदीस सांगतो, दोन्ही एकाच तासात.

गझालींचंच अजून एक उदाहरण सोलापूरच्या पोरांना लगेच कळतं, कापूस आणि आग. ते म्हणाले कापूस जळतो तो आगीच्या स्वतःच्या ताकदीने नाही, अल्लाहच्या हुकमाने. यावर इब्न रुश्द (1126 ते 1198) यांनी जोरदार उत्तर दिलं, म्हणाले कारणंच नाकारलीत तर ज्ञानच उरणार नाही. दोघेही मुसलमान, दोघेही मोठे आलिम. हे भांडण पोरांपासून लपवू नका, त्यांना कळू द्या की आपल्याकडे 900 वर्षांपूर्वी पण लोक डोकं लावून वाद घालत होते.

पोरगं पुढे अडवेल तर काय, ते पण सांगतो. "विश्वाला सुरुवातच नसेल तर?" असं विचारलं तर घाबरू नका, इब्न सीना स्वतः विश्व अनादी मानायचे, तरी म्हणायचे की अनादी असलं तरी ते उसनंच, पगाराची रांग कितीही लांब केली तरी पैसे कोणाचे हा प्रश्न राहतोच. "मग विश्वच वाजिब (अटळ, स्वतःच्या बळावर असलेलं) का नाही?" हा जास्त अवघड आहे, त्यावर मी म्हणतो की जे सतत बदलतं, तुकड्यांनी बनलेलं आहे, असं नसून तसं पण असू शकलं असतं, ते स्वतःच्या बळावर उभं आहे असं मला पटत नाही, पण यावर विचार करायला वेळ घे, तुला आज हो म्हणायची सक्ती नाही. हा प्रयोगशाळेतला पुरावा नाही, हे पण मी तिला सांगितलं, पोरांना खोटी खात्री दिली की ती पकडतातच.

आणि एक, हे सगळं दस्तरखानवर, जेवायला बसल्यावर, चार पाहुण्यांसमोर काढू नका. भाची गच्चीवर बोलली कारण तिथं दुसरं कोणी नव्हतं. सेहरीला खाली गेलो तेव्हा तिने अम्मीला फक्त एवढंच विचारलं, नानांचा तो पगार नक्की किती दिवसांनी मिळाला होता.