हेक्टर म्हणजे नेमकं किती, अन् ते आपल्या एकरात कसं बसवायचं

आपण वावर मोजतो एकरात अन् सरकारचा प्रत्येक कागद बोलतो हेक्टरात. सातबारा घ्या, पीक विम्याचा अर्ज घ्या, नुकसान भरपाईचा जीआर घ्या, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची खताची शिफारस घ्या, सगळीकडे हेक्टरच. इंग्रजी पत्रकात तर पूर्ण शब्दही नसतो, आकड्यापुढे नुसतं 'एचए' छापतात, म्हणजे किलोनंतर तिरपी रेघ अन् मग एचए दिसलं की ते 'दर हेक्टरी' असं वाचायचं. हे गणित जमलं नाही तर नुकसान कास्तकाराचंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी माप डोळ्यासमोर आणा. शंभर मीटर लांब अन् शंभर मीटर रुंद असा चौकोन म्हणजे एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर. फुटात धरलं तर एकेक बाजू साधारण ३२८ फूट. त्याचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक आर, दहा मीटर बाय दहा मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे आर अन् गुंठा जवळपास सारखेच, गुंठा किंचित मोठा. अन् ४० गुंठ्याचा एकर म्हणजे ४०.४७ आर. हा एवढा एक आकडा पाठ करून ठेवा, बाकी सगळं यातूनच निघते.

आता सातबारा काढा. क्षेत्राच्या रकान्यात हे.आर.चौ.मी. असं लिहिलेलं असते अन् खाली १.४२.०० असा आकडा. पहिला भाग हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. म्हणजे एक हेक्टर ४२ आर. बरेच जण याला एक एकर ४२ गुंठे वाचतात, पण ४० गुंठ्याला एकर पूर्ण होतो तर ४२ गुंठे येतील कुठून, एवढा विचार केला तरी चूक लक्षात येते. त्याच्या शेजारी आकार म्हणून रुपयाचा आकडा असतो, तो शेतसाऱ्याचा आहे, क्षेत्राचा नाही. अन् पोटखराब, म्हणजे लागवडीच्या कामाची नसलेली जमीन, वेगळी दाखवलेली असते, पेरणीचा हिशेब करताना ते धरू नका.

मग एकर काढायचे. सगळं आधी आरमध्ये आणा, १.४२.०० म्हणजे १४२ आर, त्याला ४०.४७ नं भागा, उत्तर आलं ३.५१. म्हणजे साडेतीन एकर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पारावर बसून तोंडी सांगायचं असलं तर एक हेक्टर म्हणजे अडीच एकर चालते, पण कागदावर २.४७ धरा, कारण दहा एकराला अडीचनं भागलं तर ४ हेक्टर येतात अन् खरे ४.०५ आहेत, म्हणजे जवळपास पाच आर असेच सुटले.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टिंबाचा, म्हणून इथं सावकाश वाचा. हेक्टरात टिंबानंतरचे दोन आकडे म्हणजे सरळ आर, कारण शंभर आरचा एक हेक्टर. एकराचं तसं नाही. तीन एकर वीस गुंठे म्हणजे ३.२० एकर नाही हो, ते ३.५० एकर आहे, कारण वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. आता समजा कोणी ऑनलाईन अर्जात एकराच्या रकान्यात ३.२० टाकलं, तर कॉम्प्युटर त्याचे १.२९ हेक्टर करते, अन् खरं क्षेत्र १.४२. तेरा आर गेले. २०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषात कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० रुपये धरले होते, त्या हिशेबानं हजाराच्या वर रुपये फक्त एका टिंबापायी जातात. म्हणून गुंठ्याला आधी ४० नं भागायचं अन् मग एकराला जोडायचं, किंवा त्याहून बरं म्हणजे अर्ज भरताना एकर मनात आणूच नका, सातबाऱ्यावरचा हेक्टरचा आकडा जसाच्या तसा उतरवा.

खत अन् बियाणं. शिफारस हेक्टरी असली की २.४७ नं भागायचं अन् एकरी आकडा काढायचा. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ७५ किलो म्हणजे एकरी ३० किलो. खतात अजून एक पायरी आहे. समजा पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, हेक्टरी ६० किलो नत्र सांगितलं, तर एकरी झालं २४ किलो नत्र, पण ते युरियाचं वजन नाही. युरियात नत्र असते ४६ टक्के, म्हणून २४ ला ०.४६ नं भागा, ५२ किलो युरिया. ४५ किलोची एक बोरी अन् वर सात किलो, अन् तेही एकदम नाही, हप्त्यानं द्यायचं. हेच कोणी हेक्टरचा आकडा एकराला लावला तर अडीच पट खत पडते, पऱ्हाटी नुसती माजते, रस शोषणाऱ्या किडी वाढतात अन् पैसा गेला तो वेगळाच.

फवारणीत तर हे जास्तच जपा, कारण तिथं जिवाशी गाठ आहे. लेबलवर औषध अन् पाणी दोन्ही हेक्टरी दिलेलं असते. ५०० लिटर पाणी असेल तर एकरी सुमारे २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे तेरा-साडेतेरा पंप. हेक्टरी औषधाला आधी २.४७ नं भागा, मग पंपाच्या संख्येनं भागा, जे येईल तेवढं एका पंपात. बुचानं अंदाजे ओतू नका, मापाचा कप वापरा, हातमोजे अन् मास्क घाला.

एकापेक्षा जास्त गट नंबर असतील तर आठ-अ वर, म्हणजे खातेउताऱ्यावर, सगळी बेरीज मिळते. स्वतः करायची तर आरमध्ये करा, ०.८१.५० अन् ०.६०.५० म्हणजे ८१.५ अधिक ६०.५, झाले १४२ आर. सातबारा सामाईक असेल, भावाभावात वाटणी झालेली नसेल, तर वरचा आकडा सगळ्यांचा मिळून असतो, अर्जात आपल्या हिश्श्याचंच क्षेत्र टाका.