टोकनचे बॅनर लावताय? या चुका टाळा

"क्लिक भरपूर येतायत, पण टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीच येत नाही." छोट्या क्रिप्टो प्रोजेक्टचं वेबसाइटवरच्या बॅनर जाहिरातींचं कॅम्पेन सुरू झालं की पहिल्या आठवड्यातच ही तक्रार ऐकू येते. साकीनाक्याच्या को-वर्किंग ऑफिसात तिघे-चौघे मिळून टोकन, म्हणजे स्वतःचं क्रिप्टो नाणं, काढतात. कोडवर महिनोन्महिने मेहनत घेतलेली असते, जाहिरातीचा विचार मात्र सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत. मग सगळ्यात स्वस्त क्लिक देणारा ॲड नेटवर्कवाला (अनेक साइटवर जाहिराती लावून देणारा) गाठला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी जागा बघा

नव्या टोकनच्या विक्रीची जाहिरात गूगल घेत नाही. एक्स्चेंज (नाण्यांची खरेदी-विक्री होते ते) आणि वॉलेटवाल्यांना (नाणी ठेवायचं ॲप देणारे) ऑगस्ट २०२१ पासून दार थोडं उघडलं, तेही प्रमाणपत्र घेतल्यावर आणि ठरावीक देशांपुरतं. तरीही 'सॉफ्टवेअर' किंवा 'टेक्नॉलॉजी' असं काहीतरी दाखवून मागच्या दाराने घुसणारे असतातच. पकडले गेले की नियमांना बगल दिल्याच्या कारणावरून अकाउंट बंद होतं, आणि त्यासाठी आधी ताकीदही मिळत नाही. या वाटेला जाऊच नका.

मग उरतात क्रिप्टोपुरती ॲड नेटवर्क्स, नाहीतर एखाद्या साइटकडून थेट घेतलेली जागा. माझं मत स्पष्ट आहे: बजेट लहान असेल तर शेकडो साइटवर शिंतोडे उडवू नका. तुमचं टोकन ज्या ब्लॉकचेनवर आहे तिचे व्यवहार दाखवणारी साइट (एक्सप्लोरर), किमती दाखवणारी एखादी साइट किंवा क्रिप्टोच्या बातम्या देणारं एखादं पोर्टल, यांपैकी एक-दोन जागा घ्या आणि तिथेच टिकून राहा. बॅनर बघून लगेच क्लिक करणारे हजारात एखाद-दुसरेच असतात. बाकीच्यांच्या नजरेखालून नाव पुन्हापुन्हा गेलं, तरच ते ओळखीचं वाटायला लागतं.

क्लिक दिसतात, माणसं दिसत नाहीत

नेटवर्कचा डॅशबोर्ड आणि तुमच्या साइटचं ॲनालिटिक्स शेजारी-शेजारी उघडा. समजा तिकडे ९०० क्लिक आहेत आणि इकडे भेटी जेमतेम २५०. थोडी तफावत राहणारच. कुणी पान उघडण्याआधीच मागे फिरतो, कुणाच्या ब्राउझरमध्ये ट्रॅकिंग बंद असतं. पण एवढी मोठी दरी पडली तर आतले आकडे तपासा. रात्री तीन ते पाच या वेळातही दुपारइतकेच क्लिक, पानावर थांबण्याचा वेळ शून्य सेकंद, सगळ्यांचा स्क्रीन एकाच मापाचा, शहर भलतंच. ही माणसं नव्हेत, बॉट आहेत, म्हणजे आपोआप क्लिक करणारे प्रोग्रॅम.

इथे बहुतेक जण बजेट वाढवतात. तसं करू नका, कॅम्पेन थांबवा. प्रत्येक बॅनरच्या आणि प्रत्येक जागेच्या लिंकला वेगळा यूटीएम टॅग (भेट कुठून आली ते सांगणारी लिंकमधली खूण) लावा, म्हणजे कचरा कुठून येतोय ते कळेल. नेटवर्ककडे साइटनिहाय यादी मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली तर उरलेले पैसे परत मागून मोकळे व्हा. यादी मिळाली तर नासक्या साइट ब्लॉक करा आणि थोड्या पैशांत पुन्हा चाचणी घ्या.

इम्प्रेशनचं, म्हणजे बॅनर किती वेळा दाखवला त्या आकड्याचंही तसंच आहे. प्रमाणित व्याख्येनुसार बॅनरचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर आला, तरच तो 'दिसण्याजोगा' धरतात. पानाच्या तळाशी लोड होऊन कुणी न बघितलेल्या बॅनरचे पैसे देताय का, हे आधीच विचारून घ्या.

दहा पिक्सेलची सूचना

जाहिरातींचे दंडक ठरवणारी ॲस्की ही संस्था आपल्या मुंबईतलीच. तिचे क्रिप्टो जाहिरातींचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. स्थिर जाहिरातीत निदान एक-पंचमांश जागा सूचनेला द्यावी लागते: हे उत्पादन अनियंत्रित आहे, जोखीम मोठी आहे, नुकसान झालं तर दाद मागायची सोय नसू शकते.

आता गणित करा. ३०० × २५० च्या बॅनरवर सूचनेला ५० पिक्सेल उंची मिळते, तेवढ्यात काम भागतं. मोबाइलच्या ३२० × ५० च्या पट्टीवर उरतात १० पिक्सेल. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून फोन बघणाऱ्याला ते वाचता येणं शक्यच नाही. अक्षरांची मर्यादा असलेल्या जागी छोटी सूचना आणि पूर्ण मजकुराची लिंक चालते, पण मी तर अशा प्रोजेक्टसाठी ही पट्टी घेऊच नका म्हणेन. मोठं माप घ्या. मजकुरात 'करन्सी' शब्द नको, तोही त्या नियमांत बसत नाही. बारा महिन्यांपेक्षा कमी काळातला परतावा दाखवायलाही मनाई आहे. म्हणजे 'महिन्यात दामदुप्पट' कायमचं बाद. तसंही ते वाचून जे येतात, ते भाव पडला की ग्रुपमध्ये शिव्या देऊन जातात.

क्लिकनंतरचं पान

बॅनरवरून आलेल्या माणसासमोर पहिलंच बटण 'वॉलेट जोडा' असेल, तर तो पळणार, आणि शहाणा असेल तर पळायलाच हवा. मे २०२२ मध्ये ईथरस्कॅन आणि कॉइनगेकोसारख्या नावाजलेल्या साइटवर एका जाहिरातीतून मेटामास्क हे वॉलेट जोडायला सांगणारे बनावट पॉपअप आले होते. तेव्हापासून जाणकार लोक सावध आहेत. शिवाय फोनवरच्या साध्या क्रोममध्ये वॉलेटचं एक्स्टेन्शन नसतं, त्यामुळे ते बटण अनेकदा नुसतं दाबलं जातं, होत काहीच नाही. पहिल्या पानावर प्रोजेक्ट काय करतो ते दोन ओळींत लिहा. सोबत कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या ब्लॉकचेनवरच्या कोडचा) पत्ता, त्या कोडचं ऑडिट झालं असेल तर त्याचा अहवाल आणि टीमची माहिती द्या. वॉलेटचं नंतर बघू.

लुकलुकणारे जीआयएफ नकोत. फाइल १५० केबीच्या आत ठेवा. एकाच माणसाला दिवसात किती वेळा बॅनर दिसावा याची मर्यादा घाला, नाहीतर तो वैतागून तुमचं नाव लक्षात ठेवेल. आणि दादर स्टेशनबाहेर फ्लेक्स लावायची हौस आलीच, तर आधी पालिकेची परवानगी.

बिल कशात भरताय?

क्रिप्टो नेटवर्क्स बरेचदा बिटकॉइन किंवा यूएसडीटीमध्येच (डॉलरशी भाव बांधलेलं क्रिप्टो नाणं) पैसे मागतात. आपल्याकडच्या करनियमांत नाणी देऊन बिल भरणं हेही हस्तांतरणच. त्यावर नफा झाला असेल तर ३० टक्के कर लागतो आणि खरेदी किमतीखेरीज दुसरा कुठलाही खर्च त्यातून वजा करता येत नाही. १ टक्का टीडीएसचा प्रश्न वेगळाच. पहिलं बिल भरण्याआधी सीएला फोन करा, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने किती नाणी दिली त्याची नोंद त्याच दिवशी करून ठेवा.