माध्यमिक शिक्षणाचा खर्च : दोन देशांची तुलना करताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेजांमधले अर्थशास्त्राचे प्रकल्प तपासताना एक आलेख हमखास समोर येतो. भारत आणि फिनलंड, माध्यमिक शिक्षणावरचा सरकारी खर्च. त्यांचा खांब छताला, आपला जमिनीला, आणि खाली निष्कर्ष तयार. मी आधी एवढंच विचारतो : हा पैसा कोणाच्या तिजोरीतला?

बहुतेकांनी फक्त केंद्राचा अर्थसंकल्प उघडलेला असतो. शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतल्या विषयांत आहे आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भार राज्यं उचलतात, हे परीक्षेपुरतं पाठ असतं. कॉलेज रोडवरच्या एका चर्चासत्रात एका मुलाने असाच आलेख ऐटीत दाखवला. मागच्या रांगेत अनुदानित हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "बाळ, माझा पगार यात कुठे दिसतोय?" मुलगा म्हणाला, "सर, तुमची शाळा खासगी संस्थेची ना?" सभागृहात हशा पिकला. शाळा संस्थेची असली तरी अनुदानित पदांचा पगार राज्य सरकार देतं, आणि महाराष्ट्रातली माध्यमिक शाळा बरीचशी याच अनुदानावर उभी आहे. तोच वगळला तर उरतं काय?

म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष २२०२, म्हणजे सर्वसाधारण शिक्षणावरच्या खर्चाचं खातं उघडा, त्यात ०२ म्हणजे माध्यमिक. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही. मात्र केंद्राचा आणि राज्याचा आकडा डोळे मिटून बेरजेला घेऊ नका. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतला केंद्राचा हिस्सा राज्याच्या खर्चातही दिसतो, तो दोनदा मोजला जातो. फिनलंडकडे बघतानाही हेच : तिथल्या शाळा नगरपालिका चालवतात, नुसता केंद्र सरकारचा आकडा घेतला तर तोही लंगडाच.

दुसरा घोळ इयत्तांचा. युनेस्कोच्या वर्गवारीत भारताची सहावी ते आठवी हा माध्यमिकचा खालचा टप्पा, नववी ते बारावी वरचा. आपल्या कागदांवर सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, आणि कितीतरी हायस्कुलं तर पाचवीपासूनच सुरू होतात. फिनलंडमध्ये पहिली ते नववी ही सलग शाळा, मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी सुरू होणारी. एक आकडा युनेस्कोचा आणि दुसरा आपल्या अर्थसंकल्पातला, असा संसार जुळत नाही. मी कागदाच्या माथ्यावर पेन्सिलीने दोन्ही देशांच्या इयत्ता आणि वयं लिहितो, मगच आकड्यांना हात लावतो. मोबाइलवर विचारून दोन मिनिटांत आकडा आणणाऱ्यांना हे पटत नाही. न पटो.

बाकीचं थोडक्यात. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के खर्च करा म्हटलं, ते सगळ्या शिक्षणासाठी, फक्त माध्यमिकसाठी नव्हे. जीडीपीच्या टक्केवारीत मुलांची संख्या दिसत नाही, दर विद्यार्थ्यामागचा खर्चही काढा. रुपयाचे युरो करताना बाजारातला दर नको, क्रयशक्तीचा, म्हणजे त्या पैशात तिथे किती वस्तू-सेवा मिळतात यावर काढलेला घ्या. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, फिनलंडचं जानेवारी ते डिसेंबर, म्हणून कोणतं वर्ष कशाशी जुळवलंत ते लिहा.

आणि अर्थसंकल्पातला अंदाज म्हणजे झालेला खर्च नव्हे. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा अर्थसंकल्पात दोन वर्षांपूर्वीचाच मिळतो, तोच वापरा. ताजेपणाच्या हौसेने अंदाज चिकटवलेला प्रकल्प मी न वाचताच परत देतो.