भाच्याचे कायदेशीर पालकत्व: अर्जाआधीची आणि नंतरची तयारी

माझा भाचा विशेष शाळेत शिकत असतानाच त्याचे आई-वडील दोन वर्षांच्या अंतराने गेले आणि तो अठरा वर्षांचा झाल्यावर त्याचा पालक म्हणून माझी नेमणूक झाली. अर्ज मी नीट केला होता. नेमणुकीनंतर जे करायचे होते त्यात मात्र मी चुकलो आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली. आता त्याच शाळेतील आणखी दोन कुटुंबांवर हीच वेळ आली आहे, म्हणून तयारी क्रमाने लिहून काढत आहे.

सर्वांत आधी हा कायदा आपल्या मुलाला लागू आहे का ते पाहा. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (कायद्याच्या मूळ शब्दांत मतिमंदत्व) आणि बहुविकलांगता या चार अवस्थांपुरता आहे. केवळ कर्णबधिर असलेल्या किंवा केवळ अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. लागू असेल तर दुसरी गोष्ट अशी की, अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत मूल सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व तिथेच संपते. त्यामुळे आई-वडील हयात आणि धडधाकट असले तरी त्यांनाही अर्ज करावा लागतो. “आम्ही जन्मदाते, आम्हाला कशाला कागद?” असे म्हणणारे पालक बँकेच्या खिडकीपाशी अडलेले मी पाहिले आहेत. अमेरिकेत ज्या विशेष विद्यार्थ्याचे आई-वडील सापडत नाहीत त्याच्यासाठी शिक्षणापुरता पर्यायी पालक शोधण्याची जबाबदारी तिथल्या शिक्षण यंत्रणेवर असते आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत धरलेली असते. आपल्याकडे आपणहून कोणी येत नाही. आई-वडिलांनी, नातेवाइकांनी किंवा नोंदणीकृत संस्थेने स्वतः अर्ज करावा लागतो आणि तो मुलाच्या सतराव्या वर्षीच लिहून तयार असावा.

कागदपत्रे तुम्हाला ठाऊक आहेतच: जन्माचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र), रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, आई-वडील गेले असतील तर मृत्यूचे दाखले. एवढेच बघा की सगळीकडे नाव एकसारखे आहे. एका कागदावर वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर असले तरी अर्ज परत येऊ शकतो. पालक नेमण्याचा निर्णय घेणाऱ्या स्थानिक स्तरीय समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी अशी कायद्यात तरतूद आहे, म्हणजे एका आद्याक्षरापायी तीन महिने जाऊ शकतात.

आणि अर्जाचा फॉर्म ए हातात घेण्याच्या आधी दुकानातून एक दोनशे पानी वही आणा. तिच्या पहिल्या पानावर मुलाचे नाव लिहा आणि त्याच्या नावावर, त्याच्या वाट्याला किंवा त्याच्यासाठी म्हणून जे जे काही आहे ते त्याच दिवसापासून लिहायला लागा. ही मालमत्तेची यादी नेमणुकीनंतर करायची नसून नेमणुकीआधी सुरू करायची आहे. हे मी पुढेही सांगणार आहे, कारण मी नेमके हेच केले नाही.

पालक कोण होणार हे आई-वडील हयात असताना ठरले तर उत्तम, कारण कायदा त्यांना आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव सुचवण्याचा अधिकार देतो. ती व्यक्ती भारतीय नागरिक असावी, तिला गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, ती दिवाळखोर ठरलेली नसावी आणि स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावी. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाची नेमणूक होत नाही, पत्नीसह व्हावी लागते. हे झाले नियमाचे. माझे स्वतःचे मत याहून कडक आहे. ज्या माणसाचा आणि मुलाचा एकाच जमिनीत किंवा एकाच घरात हिस्सा आहे, त्याला पालक करू नका. तो कितीही सज्जन असला तरी एक दिवस त्याला दोन्ही बाजूंनी सही करावी लागेल. सख्ख्या भावंडांची हरकत नसल्याचे पत्र आधीच घेऊन ठेवा. नंतर मागायला गेले की नात्यात कटुता येते. याच सुमारास वहीत जमिनीचे पान उघडा: सातबारा, आठ-अ आणि आजोबांच्या नावावरून वारस नोंद होऊन फेरफार झाला आहे की नाही. भाच्याच्या आजोबांची जमीन अजून आजोबांच्याच नावावर होती आणि ते कळायला मला सव्वा वर्ष लागले.

समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे सदस्य असतात. मुलाला पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी आहे, हे त्यांना ठरवायचे असते. म्हणून शाळेतील शिक्षिकेकडून एक पानभर पत्र घ्या, ज्यात मुलाला काय येत नाही याच्याइतकेच काय येते हेही स्पष्ट लिहिलेले असेल. शक्य असेल तर शिक्षिकेलाच सोबत न्या. भाच्याला तिथे नाव विचारले तेव्हा त्याने शाळेच्या बसचा नंबर सांगितला, कारण अनोळखी माणसाने काही विचारले की तोच सांगायचा असे त्याच्याकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतले होते. सगळे गप्प झाले. त्याच्या बाईंनी समजावून सांगितले, मग त्याच्यासमोर माझा आणि त्याच्या काकांचा असे दोन फोटो ठेवून “तू कोणाच्या घरी जेवतोस?” असे विचारले. त्याने माझ्या फोटोवर बोट ठेवले आणि “आमटी” म्हणाला. मुलाशी कसे बोलायचे हे समितीला माहीत असेल असे धरून चालू नका.

आता ज्या कामात मी चुकलो त्याकडे येतो. फॉर्म बी, म्हणजे नेमणुकीचे पत्र हातात पडले की आपण सुटलो असे वाटते. मलाही तसेच वाटले. खरे तर त्या तारखेपासून सहा महिने मोजायचे असतात. या मुदतीत पालकाने मुलाची स्थावर मालमत्ता, त्याच्या वतीने हाती आलेली सर्व जंगम मालमत्ता, त्याला इतरांकडून येणे असलेल्या रकमा आणि त्याच्या नावावरील देणी, या सगळ्याची यादी समितीला सादर करायची असते. त्यासाठी फॉर्म सी आहे. मी तो पाहिला, घडी करून फायलीत ठेवला आणि विसरलो. भाच्याचे कुटुंब निवृत्तिवेतन आठ महिने माझ्याच खात्यात घेत राहिलो, कारण त्याचे खाते उघडायला मी गेलोच नव्हतो. घरखर्च आणि त्याचा खर्च एकाच पाकिटातून होत राहिला. विचारणा झाली तेव्हा तीन पासबुके, औषधांच्या पावत्या आणि माझी स्मरणशक्ती एवढेच माझ्याकडे होते. त्याच्या आईच्या दोन पाटल्या बहिणीच्या कपाटात होत्या हे सगळ्यांना आठवत होते, पण त्या कोणी, कधी नेल्या हे कोणालाच सांगता येईना. त्याच्या वडिलांनी एका परिचिताला चाळीस हजार रुपये दिले होते, त्याची चिठ्ठी मी स्वतः पाहिली होती. ती लिहून ठेवली नाही, तिचा फोटो काढला नाही, पुढे चिठ्ठी सापडली नाही आणि समोरच्याने हात वर केले. ते पैसे माझे नव्हते. ज्याला ते मागता येत नाहीत अशा मुलाचे होते.

म्हणून पुन्हा सांगतो, यादी करा. घरातील कपाट, ट्रंक, बँकेचा लॉकर दोन साक्षीदारांसमोर उघडा आणि दागिना वजनासह लिहा. आई-वडिलांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम, विम्याचे पैसे, पतपेढीतील ठेव, कोणाला दिलेले उसने पैसे, हे ‘येणे’ या सदरात लिहा. लोक जमीन आणि सोने लिहितात, पण येणे विसरतात आणि बुडते नेमके तेच. वस्तूचा फोटो काढा, तारीख टाका, साक्षीदारांची सही घ्या. मुलाच्या नावावर काहीच नसेल तरी ‘काही नाही’ असे लिहून फॉर्म द्या. यादीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

उरलेले थोडक्यात. पालकाने चालवायचे मुलाचे स्वतंत्र खाते पहिल्याच आठवड्यात उघडा. समितीचे पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, ते सांगा आणि शाखा व्यवस्थापकाला भेटा. निवृत्तिवेतन कार्यालयाला फॉर्म बीची प्रत द्या. निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, तो घ्या आणि त्याचे नूतनीकरण चुकवू नका. आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनच्या आत, जमाखर्च आणि शिल्लक फॉर्म डीवर दरवर्षी द्यायची आहे. वही रोज लिहिलेली असेल तर ते अर्ध्या दिवसाचे काम आहे. माझ्यानंतर अर्ज कोणी करायचा हेही ठरले आहे, माझी मुलगी करील. वही देवघराच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, फॉर्म सीची पोच तिच्या मागच्या पुठ्ठ्याला टाचली आहे आणि दोन्ही मी तिला दाखवून ठेवले आहे.