लॉगिनवाल्याचं पान दुसऱ्याला दिसतंय? कॅशिंगच्या या चुका टाळा

रावेर-सावद्याकडच्या एखाद्या केळी खरेदीदाराची साइट धरा. आजचा भाव सगळ्यांना सारखाच, तो कॅश करायलाच पाहिजे (म्हणजे तयार पानाची कॉपी साठवून तीच सगळ्यांना द्यायची), कारण भाव निघाला की सगळे एकदम मोबाईल उघडतात. पण लॉगिन केलं की त्याच पानावर शेतकऱ्याचं नाव, गेलेला माल, बाकी पैसे असं सगळं येतं, अन् ते पान कॅशमध्ये बसलं तर पुढच्याला दुसऱ्याचा हिशोब दिसतो. हे किरकोळ नाही भाऊ. 25 डिसेंबर 2015 ला स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणारी साइट) हल्ला चालू असताना कॅशिंगचे नियम चुकले अन् सुमारे 34 हजार जणांची माहिती दुसऱ्यांना दिसू शकली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक एनजिन्एक्सवर (पानं देणारं अन् कॅश करणारं सर्व्हर सॉफ्टवेअर). लोक त्यात फक्त प्रॉक्सी-कॅश-बायपास ही सेटिंग लावतात, पण त्याने लॉगिनवाल्याला कॅशमधलं पान दिलं जात नाही एवढंच, त्याचं ताजं पान कॅशमध्ये साठवलं जातंच, म्हणून तीच अट प्रॉक्सी-नो-कॅशलाही (साठवणं थांबवणारी सेटिंग) लावा. सेट-कुकी (ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, ठेवायला सांगणारं हेडर) असलेलं उत्तर एनजिन्एक्स आपणहून साठवत नाही हे खरंय, पण ती कुकी बऱ्याच साइटवर लॉगिनच्या वेळी एकदाच येते, पुढच्या पानांचं काय?

दुसरी चूक, घाबरून 'व्हेरी: कुकी' (कुकी वेगळी तर कॉपी वेगळी असं कॅशला सांगणारं हेडर) टाकणं. गूगल ॲनालिटिक्सची कुकी प्रत्येकाची वेगळी, मग प्रत्येकासाठी वेगळी कॉपी बनते अन् कॅशचा उपयोग शून्य. फक्त सेशनची (लॉगिन ओळखणारी) कुकी बघा, वर्डप्रेसमध्ये ती 'वर्डप्रेस-लॉग्ड-इन'ने सुरू होते.

अन् 'नो-कॅश' हे हेडर म्हणजे साठवू नको असं नाही, सर्व्हरला विचारल्याशिवाय वापरू नको असं आहे. हिशोबाच्या पानाला 'प्रायव्हेट, नो-स्टोअर'च द्या.

फॉर्म मधूनच फेल होतोय? कॅशमधल्या पानातलं टोकन (फॉर्म खरा आहे हे तपासायचा कोड) जुनं झालं असेल. वर्डप्रेसचा नॉन्स (तिथलं असं टोकन) 12 ते 24 तास चालतो, फॉर्मचं पान कॅशमध्ये 10 तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

तपासताना कॅश रिकामी करून आधी लॉगिनने पान उघडा, मग इन्कॉग्निटोमध्ये. उलटं करून थांबलात तर सगळं बरोबरच वाटेल. अन् चुकीचं पान गेलेलंच असेल तर आधी कॅशिंग बंद करा, मग सर्व्हर अन् सीडीएन (पानांच्या कॉप्या ठिकठिकाणी ठेवणारी सेवा) दोन्हीकडचं पुसा, नियम त्यानंतर दुरुस्त करा, नाहीतर पुसता पुसता पुन्हा तेच भरत राहतं.