प्रीती करायची, पण सुरुवात कुठून?

दशांश (कमाईचा दहावा भाग देवासाठी) वेळेवर, रविवारची उपासना चुकत नाही, कुणाचं वाईट चिंतत नाही. तरीही चर्चच्या मंडळीतल्या एका माणसाला पाहिलं की मन आखडतं. असं ज्यांचं होतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ‘माझ्याकडून किती अपेक्षित आहे?’ हा प्रश्न सोडा. एका शास्त्र्याने, म्हणजे यहुदी नियमशास्त्राच्या जाणकाराने, येशूला विचारलं, माझा शेजारी कोण? येशूचा शिष्य पेत्र, त्याने विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? कुठे थांबलं तर चालेल, हेच दोघांना हवं होतं. येशूने दोघांनाही ती रेघ आखून दिली नाही.

मग एकच माणूस निवडा, न आवडणारा. ‘सगळ्यांवर प्रीती’ सोपी, कारण सगळे काही आपलं दार वाजवत नाहीत. त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा. ‘त्याला सुधार’ अशी नव्हे; त्याला आज काय जड जातंय ते देवापुढे ठेवा. माहीत नसेल, तर जाऊन विचारा आणि ऐका. मी आजाऱ्यांना भेटते तेव्हा बायबलमधलं वचन शेवटी वाचते. आधी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसते, रात्री झोप लागली का विचारते. एका आजींना सगळ्यात आधी चष्मा पुसून हवा होता. मग 23वं स्तोत्र त्यांनीच मला वाचून दाखवलं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातली शोमरोन्याची गोष्ट हळू वाचा. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेला एक माणूस त्याला दिसला. शोमरोनी म्हणजे यहुद्यांना न आवडणाऱ्या लोकांपैकी एक; तरी तो जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, सांभाळलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार (तेव्हाची चांदीची नाणी) देऊन, जास्त खर्च झाला तर परतताना फेडीन असं सांगितलं. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने सगळा भार एकट्याच्या अंगावर घेतला नाही, आणि त्या माणसाला वाऱ्यावरही सोडलं नाही. म्हणून मदतीला हात घालण्याआधीच ठरवा, सोबत कुणाला घ्यायचं आणि पुन्हा कधी यायचं. थकून, चिडून केलेली सेवा समोरच्याला लगेच कळते.

नियम मात्र टाकू नका. पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, न्याय, दया, विश्वास विसरल्याबद्दल येशूने फटकारलं. पण दशांश बंद करा असं तो म्हणाला नाही.

मन कोरडं असलं तरी जा. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून प्रीती समजावतो ती सहनशीलता, परोपकार, अपकार मनात न ठेवणं अशी, म्हणजे सगळी वागण्यातली. मन भरून येईल तेव्हा येईल.

आणि त्या माणसाने मदत नाकारली तर रुसू नका. काही दिवसांनी पुन्हा जा, या वेळी आणखी लहानशी गोष्ट विचारा. किंवा तुम्हीच त्याच्याकडे काहीतरी मागा; घेणाऱ्याच्या जागी कायम त्यालाच का बसवायचं?