गरोदरपणात डासांपासून बचाव आणि ताप आल्यास घ्यावयाची काळजी

कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडले की डासांची चर्चा सुरू होते. परंतु डेंग्यू, चिकुनगुनिया व झिका पसरवणारा एडिस डास पुराच्या पाण्यापेक्षा घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अधिक वाढतो आणि मुख्यतः दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण 7 ते 10 दिवस लागत असल्याने बॅरल, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि जनावरांची डोण आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. हे काम गर्भवतीने नव्हे, घरातील इतरांनी करावे.

दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावावी. डीट किंवा इकारिडिन ही डास दूर ठेवणारी द्रव्ये असलेले मलम वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरल्यास गरोदरपणातही चालते. बंद खोलीत कॉइलचा धूर मात्र टाळावा.

ताप आल्यास अंगावर काढू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःहून मुळीच घेऊ नये. डेंग्यूची एनएस1 ही रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी ठरते, आणि मलेरियासाठीही रक्त तपासावे. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी जाणवल्यास तत्काळ कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयासारखे मोठे रुग्णालय गाठावे. ताप उतरतानाचे दिवसच डेंग्यूत अधिक धोक्याचे असतात.

झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते आणि तो शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून पतीला लागण झाल्यास किंवा तशी शंका असल्यास प्रसूतीपर्यंत निरोध वापरावा.